चढावर पडणारं प्रेशर

ती गाडी आमच्या हाटकेशच्या गल्लीत शिरली तेव्हा मला वाटलं, कोणीतरी ती ढकलत आणतंय. इतकी हळू. चंदेरी रंगाची, जुनी पण घासूनपुसून ठेवलेली परदेशी गाडी, आणि स्टिअरिंगवर सत्तरी ओलांडलेले एक काका, नाक जवळजवळ काचेला टेकवून बसलेले. माझ्या गॅरेजच्या गाळ्यासमोर आल्यावर त्यांनी हॉर्न वाजवला नाही. इंजिन बंद केलं, दार उघडलं, एकेक पाय जपून खाली ठेवला आणि मला विचारलं, "मिस्त्री तूच का?"

"हो, मीच. या."

"पोरान पाठवलाय मना. गारी बघाची हाय."

"काय होतंय गाडीला?"

"माझ्या हातान काय व्हत न्हाय," काका म्हणाले. "बरी चालते. पोराच्या हातान वढत न्हाय."

काका राई गावचे. जुनं घर, मागे थोडी जागा, पुढे होती ती शेतजमीन बिल्डिंगांखाली गेलेली. मुलगा जहाजावर इंजिनीअर, त्याची बायको-मुलं वेगळ्या फ्लॅटवर. ही गाडी त्याने हौसेने सेकंडहँड घेतली होती, पण वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर. त्यामुळे दर रविवारी सकाळी गाडी चालू करून शेजारच्या मुर्धा गावापर्यंत नेऊन आणायची, हे काम बापाकडे. मागच्या सुट्टीत मुलाच्या लक्षात आलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी कधी झेप घेते, कधी नुसती विचार करत बसते आणि मग निघते. त्याने स्वतः काहीतरी केलं, तोवर सुट्टी संपली. आता दिवाळीनंतर तो परत यायचा होता. तोपर्यंत गाडी ठीक व्हायला हवी होती. माझा नंबर त्याला इंटरनेटवरच्या कुठल्याशा ग्रुपमधून मिळालेला.

या गाडीच्या इंजिनाला सुपरचार्जर होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. इंजिन स्वतःच्या श्वासाने जेवढी हवा ओढेल त्यापेक्षा जास्त हवा तो आत कोंबतो, आणि त्या हवेच्या प्रेशरवर गाडी ओढते. हे प्रेशर चढायचं ते एकसारखं चढायला हवं. ते कधी येत असेल, कधी रेंगाळत असेल, तर काहीतरी बिघडलंय. काय, ते शोधणं हे माझं काम. आयुष्यभर तेच केलं. आधी अंधेरीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये, मग भागीदाराबरोबर हा गाळा घेऊन. भागीदार थकला तसा संगमेश्वरकडे गावी निघून गेला, काजूची झाडं लावायला. तेव्हापासून गाळ्यात मी एकटा.

घरीही एकटाच. बायको बंगळुरूला, मुलीकडे. मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली. आधी बाळ मान धरेपर्यंत, मग रांगायला लागेपर्यंत, मग मुलीची नोकरी परत सुरू झाली म्हणून, असं करत करत तिथेच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. कोणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखं काही नाही. बिल्डिंगमधले विचारायचे, "वहिनी कधी येणार?" मी म्हणायचो, "येईल आता." पुढे त्यांनी विचारणं सोडलं. ते विचारत होते तोवर मला कंटाळा यायचा, आणि सोडलं तेव्हा वाईट वाटलं.

संध्याकाळी तिचा फोन यायचा. "जेवलात?" "हो." "काय होतं डब्यात?" मी भाजी सांगायचो. मागे नातू काहीतरी ओरडायचा, ती "आले रे" म्हणायची, आणि फोन संपायचा. तिचंही काही चुकत नव्हतं. दिवसभर लहान पोरामागे धावणाऱ्या बाईला संध्याकाळी आणखी काय सुचणार?

तर ती गाडी. काका रिक्षाने परत गेले आणि मी कामाला लागलो.

स्कॅनर लावला, इंजिनाच्या कॉम्प्युटरची काही तक्रार नव्हती. पट्टा पाहिला, त्याला ताण देणारी पुली पाहिली, दोन्ही बरी. मग हवेच्या सगळ्या वाटा बंद करून आत धूर सोडला. कुठे जोड सैल असेल, पाइप चिरलेला असेल, तर तिथून धूर बाहेर येतो. नाही आला. राहिला बायपास. गाडी सावकाश चालली असेल तेव्हा सुपरचार्जरची हवा नको असते, म्हणून बायपासचं झाकण उघडं राहतं आणि हवा आतल्या आत गोल फिरते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते झाकण मिटतं आणि सगळी हवा इंजिनात जाते. जुन्या गाडीत तिथे तेलाची मळी बसून झाकण अडकतं. मी ते काढलं, धुतलं, बोटाने उघडून मिटून पाहिलं. छान चालत होतं. गाडी बाहेर काढली, हायवेला नेली, आणि ती पुन्हा तशीच. एकदा झेप, एकदा आळस.

मग प्रेशरचं गेज जोडलं. लांब नळीने काटा आत डॅशबोर्डवर आणला आणि काशीगावच्या बाजूने घोडबंदर रोडला गाडी काढली. पण त्या रस्त्यावर ट्रक, डंपर, मेट्रोच्या खांबांमधून आडवे येणारे स्कूटरवाले. काट्याकडे बघावं तर रस्ता सुटतो. भागीदार असताना तो बाजूला बसून आकडे वाचायचा. आता ती जागा रिकामी होती. म्हणून मी मोबाइल गेजसमोर लावला आणि व्हिडिओ चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाऊन झाल्यावर तो व्हिडिओ बघायला बसलो. काटा थरथरत होता. कधी वर, कधी खाली. पण पाय कधी दाबला आणि काटा कधी हलला, याचा मेळ लागेना. म्हणून आवाज मोठा केला. इंजिनाच्या आवाजावरून अंदाज येईल म्हटलं.

आवाज माझा होता. "बघ हं, आता दाबतो... आलं, आलं... बघ, गेलं. पाहिलंस?" मग बराच वेळ नुसते टायर. मग पुन्हा मी, जरा समजावणीच्या सुरात, "असू दे. सिग्नल गेल्यावर परत बघू या."

मी व्हिडिओ थांबवला. हे मी बोललो होतो याची मला आठवणच नव्हती. आणि ते भागीदाराशी बोलल्यासारखं नव्हतं. त्याच्याशी बोलताना मी कधी "पाहिलंस?" असं हळू विचारलं नसतं. तो सूर घरातला होता. बाजूच्या गाळ्यात लोखंडाला रंग चढवणाऱ्या पावडर कोटिंगवाल्याने डोकावून विचारलं, "चाय बोलूं क्या?" मी म्हटलं, "बोलो." आणि चहा येईपर्यंत तसाच बसून राहिलो, फोन पालथा ठेवून.

त्याच दिवशी काकांना फोन केला. "काका, गाडीत बाजूला बसायला माणूस पाहिजे. तुम्ही याल?"

"येतो की," काका म्हणाले. "मना काय दुसरा काम हाय?"

मी गाडी घेऊन राईला गेलो. काका रस्त्यावर येऊन थांबले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. लग्नाला निघाल्यासारखे. मी गेजच्या काचेवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावून ठेवला होता. बायकोची जुनी बाटली होती, अर्धी सुकलेली. म्हटलं, "काका, बाकी काही बघू नका. काटा ठिपक्याच्या वर की खाली, तेवढं ओरडून सांगा."

उत्तनकडे जाताना मोर्व्याच्या पुढे डोंगरीचा चढ लागतो. गाडीवर भार टाकायला आमच्या भागात तो बरा. चढाच्या पायथ्याशी मी पाय दाबला.

"खाली," काका ओरडले. "खाली. खालीच हाय. अजून खाली. आता वर ग्येला!"

परत खाली आलो, परत चढलो. परत तेच. दाबला की काटा आधी मरगळलेला, आणि चढ निम्मा झाल्यावर ठिपक्याच्या वर. कधी तर वर जातच नव्हता.

काका म्हणाले, "मी चालवू?"

आम्ही जागा बदलल्या. काकांनी आरसा नीट केला, सीट पुढे ओढली आणि पाय असा दाबला की दाबला हे मला कळलंच नाही. गाडी चढू लागली. काटा शांतपणे वर आला, ठिपका ओलांडला आणि तिथेच थांबला. चढ संपेपर्यंत हलला नाही. मी दाबला की खाली, काकांनी दाबला की वर. तीनतीनदा जागा बदलून पाहिलं. एक मासळीवाली टोपली घेऊन उतरत होती, ती थांबून आमची मजा बघत राहिली.

वर सपाटीला गाडी बाजूला घेतली, इंजिन थंड व्हायला. पलीकडे समुद्र दिसत होता. काका त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"आमी कवा दर्यान गेलो न्हाय," ते म्हणाले. "आमचा शेत न मिठागर. पोराला कुठना याड लागला देवाला ठाव."

"फोन येतो ना त्याचा?"

"येतो. पयला इचारतो, गारी चालू केलीस का? मी बोलतो, केली. मंग तो बोलतो, टायरान हवा हाय ना? मी बोलतो, हाय. मंग काय बोलाचा दोघांना पन सुचत न्हाय. मंग तो बोलतो, आईला दे."

मी बॉनेटवर हात ठेवून इंजिन किती तापलंय ते पाहिलं. जरा वेळाने ते म्हणाले, "ही गारी न्हसती तर तेवडा पन बोलना न्हसता झाला."

त्या दिवशी त्यांना घरी सोडताना त्यांची बायको लांबून दारात दिसली. मी हात जोडले, तिने पदर सारखा केला.

रात्री काही सुचलं नाही, पण दुसऱ्या दिवशी स्कूटरवर गाळ्याकडे येताना ते डोक्यात बसलं. दोन पायांमध्ये फरक काय? मी एकदम दाबतो, काका हळूहळू. हवेच्या वाटा त्याच, पंप तोच. एकदम दाबल्यावर इंजिनात असं काय होतं जे हळू दाबल्यावर होत नाही? झटका बसतो. इंजिन ज्या रबरी पायांवर बसवलेलं असतं, त्यांना आम्ही माउंट म्हणतो, त्यांच्यावर ते झटक्याने एका बाजूला उचललं जातं. थोडंसं उचललं गेलं तर ठीक. जास्त उचललं गेलं तर शेजारच्या कशाला तरी चेपणार. आणि हे उभ्या गाडीत कधीच दिसणार नाही, कारण उभ्या गाडीत इंजिन शहाण्यासारखं सरळ असतं.

म्हणजे गाडी जागेवर धरून तिच्यावर भार टाकायला हवा, आणि त्याच वेळी कोणीतरी बॉनेटखाली बघायला हवं. पुन्हा दुसरं माणूस. पावडर कोटिंगवाला माल पोचवायला गेला होता. काकांना फोन केला. ते म्हणाले, "मी हाय की," आणि बसने आले.

मला भीती होती. चारही चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, आणि इंजिन बंद ठेवून काकांकडून आधी सराव करून घेतला. डावा पाय ब्रेकवर, घट्ट. उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर, मी सांगेन तेव्हाच, आणि मी हात वर केला की लगेच काढायचा. गियर ऑटोमॅटिक होता, तो टाकायचा आणि विसरायचा. "काही झालं तरी ब्रेकचा पाय सोडायचा नाही."

"म्हातारा हाय, येडा न्हाय," काका म्हणाले.

मी बाजूला उभा राहिलो. असं काम करताना गाडीच्या समोर कधीच उभं राहायचं नाही. हातात टॉर्च. म्हटलं, "दाबा, एकदम."

इंजिन कूस बदलल्यासारखं डाव्या अंगाने वर आलं. इतकं वर, की मीच दचकलो. आणि त्याच्या कडेला पेन्सिलीएवढा जाड एक काळा पाइप होता, तो इंजिन आणि बॉडीची पट्टी यांच्यामध्ये चिमटीत धरल्यासारखा सपाट झाला. मी हात वर केला. इंजिन खाली बसलं, पाइप पुन्हा गोल. पुन्हा दाबायला सांगितलं. पुन्हा सपाट.

बायपासच्या झाकणाला "आता मिट" असं सांगणारा पाइप तोच. तो चिमटला की झाकणाला कळतच नव्हतं की गाडीला हवा हवीय. ते उघडंच राहायचं, हवा आतल्या आत फिरत राहायची. चिमटीतून हळूहळू दाब सुटला की झाकण मिटायचं आणि प्रेशर उशिराने चढायचं. काकांच्या पायाखाली इंजिन उचललंच जात नव्हतं, म्हणून त्यांची गाडी बरी.

मला इतका आनंद झाला की मी काकांना गाडीतून हात धरून बाहेर काढलं आणि वाकून दाखवलं. माउंटचं रबर फाटलेलं होतं. आणि पाइप मूळचा नव्हता. लांबीला जास्त होता, म्हणून त्याचा वळसा घालून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बॉडीच्या पट्टीला बांधला होता. अगदी सुबक काम. पट्ट्यांमधलं अंतर सारखं, टोकं एका रेषेत कापलेली.

"हा कोणी बसवला?" मी विचारलं.

काकांनी पाइपाला बोट लावलं. "पोरान. मागच्या सुट्टीन. वाकून वाकून करीत व्हता. ऊन व्हता, मी छत्री धरून उभा व्हतो त्याच्यावर."

मग म्हणाले, "त्याला सांगू नको."

"काय?"

"पाइपाचा. रबर फाटला तेवडा बोल. एवडी मोठी जहाजा चालवतो तो. घरच्या गारीन चुकला, असा नको."

"काका, तो चुकला नाही," मी म्हटलं. "जुना पाइप चिरला असणार, तो बदलायलाच हवा होता. मोठा पाइप हाताशी होता, तो बसवला. माउंट धड असतं तर काही झालं नसतं."

"मंग तेच बोल," काका म्हणाले. "माउंट."

नवीन माउंट मिळायला वेळ लागला. त्या दिवसांत काका बसने यायचे आणि गाळ्यात बसायचे. कधी शेवग्याच्या शेंगा आणायचे. मी दुसऱ्या गाड्यांचं काम करत असायचो, ते गल्ली बघत. बोलणं फार नसायचं. पण दुपारी डबा उघडताना समोर माणूस असायचं, आणि मी डबेवालीला एक पोळी जास्त सांगायला लागलो.

माउंट बसवलं, योग्य लांबीचा पाइप टाकला, आणि त्याच दिवशी मुलाचा फोन आला. जहाजावरून, आवाज तुटत होता. मी सांगितलं, "डाव्या अंगाचं माउंट फाटलं होतं. नवीन टाकलंय."

तो लगेच म्हणाला, "म्हणजे इंजिन उचलत होतं. आणि मी बांधलेला पाइप मध्ये चेपत होता. बरोबर?"

मग तोच हसला. "बाबा म्हणाले असतील, सांगू नका."

"माउंट फाटलं होतं हे खरं आहे," मी म्हटलं.

"असू दे मिस्त्री. थँक यू." मग त्याचा आवाज बदलला. "एक बोलायचं होतं. मला सिंगापूरला किनाऱ्यावरची नोकरी मिळालीये. बायको-मुलांना घेऊन जातोय. दिवाळीनंतर यायचं जमत नाही. गाडी विकतोय. वसईचा एकजण तयार आहे, म्हणून म्हटलं आधी ठीक करून घेऊ. बाबांना अजून सांगितलं नाहीये. तुमचं त्यांचं छान जमलंय असं आई म्हणते. तुम्ही सांगाल का त्यांना?"

गाळ्याबाहेर काका पावडर कोटिंगवाल्याशी मोडक्या हिंदीत काहीतरी बोलत होते. मी म्हटलं, "गाडीचं काहीही सांगेन. हे नाही सांगणार. हे तुम्ही सांगा."

"फोनवर आमचं बोलणं होत नाही हो."

"नसलं होत तरी."

तो "हो" म्हणाला आणि आवाज तुटला.

शेवटच्या चकरेला काका बायकोला घेऊन आले. तिच्या पायाशी पिशवी, पिशवीत थर्मास. मी चालवत होतो, काका गेजपाशी, काकू मागे. मुलाने काकांना सांगितलं की नाही, हे विचारायचं मोर्व्यापर्यंत मी टाळलं. चढाच्या पायथ्याशी पाय दाबला, एकदम, आधी दाबायचो तसाच. गाडी अशी उचलली गेली की काकूंनी माझ्या सीटची पाठ धरली.

"वर!" काका ओरडले. "वर हाय. वर. अजून वर हाय!"

"काय वर हाय?" काकूंनी विचारलं.

"प्रेशर!"

"मंग बरा," काकू म्हणाल्या.

वर जाऊन आम्ही चहा प्यालो. काकांनी गाडीला उगाच एक फेरी मारली, बॉनेटवरून हात फिरवला. "आता पोरगा येल न खूश होल," ते म्हणाले. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी ग्लास विसळायला पाण्याची बाटली शोधू लागलो.

काकांनी गाडी नेली. पुढे बरेच दिवस काही कळलं नाही. गाळ्यात दुसरी कामं होती, पण दुपारी डबा उघडला की पोळी उरायची. डबेवालीला कमी करायला सांगायचं रोज राहून जायचं.

मग एके दिवशी सकाळी काका बसने आले. खुर्ची ओढून बसले.

"गारी ग्येली," ते म्हणाले. "वसईवाल्यान नेली."

"हं."

"पोरान फोन केला व्हता. लय वेल बोलला. एवडा कवा बोलला न्हवता. सगला सांगितला, सिंगापूरचा, गारीचा. बोलला, बाबा, रागावू नको." ते थांबले. "तुला ठाव व्हता?"

"हो."

"चढावर गेलो तवा?"

"हो."

काकांनी मान हलवली. रागावले आहेत असं वाटलं नाही, आणि नाहीत असंही वाटलं नाही. मी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "वसईवाला हायवेला घेऊन ग्येलेला, बघाला. लय भारी वढते बोलला. मी बोललो, वढनारच." आणि उठून बसस्टॉपकडे गेले.

त्यानंतर ते एकदोनदा आले. पण गाडी नाही, गुडघे दुखतात, आणि बसची गर्दी. येणं बंद झालं. मला ते बरोबरही वाटलं. गाडीचं काम संपलं की माणूस कशाला येईल? तरी दुपारी गल्लीच्या तोंडाशी बस थांबल्याचा आवाज आला की मी मान वर करायचो.

एका रविवारी मीच राईला गेलो. काका कोणाच्या तरी साखरपुड्याला मुर्ध्याला गेले होते. काकूंनी बसवलं, जेवायला वाढलं, नको म्हटलं तरी. वाढता वाढता विचारलं, "तुज्या घरी कोन कोन हाय?"

"आम्ही दोघं. ती सध्या मुलीकडे, बंगळुरूला."

"कवा येनार?"

मी नेहमीसारखं "येईल आता" म्हणणार होतो. पण त्या समोर बसून खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या. म्हटलं, "माहीत नाही."

काकूंनी आणखी भात वाढला. "तू बोलवलास का तिला?"

मी विचार केला. बोलावलं नव्हतं. इतक्या महिन्यांत एकदाही नाही. ती अडकलेली आहे हे मला माहीत होतं, म्हणून विचारायचंच नाही, हे मी समजूतदारपणा म्हणून करत होतो.

घरी आलो आणि दुपारीच फोन लावला. दुपारचा फोन बघून ती घाबरली. "काय झालं? बरं नाही का?"

"बरं आहे," मी म्हटलं. "मला एकट्याला जड जातंय."

मग ती म्हणाली, "आधी नाही का बोलायचं?" आणि तिच्या आवाजावरून कळलं की ती बसलीये कुठेतरी. नातू झोपला होता. आम्ही खूप वेळ बोललो. तिने सांगितलं, तिकडे तिलाही कोणाशी मराठी बोलायला मिळत नाही. मुलगी कामावर, जावई कामावर. बाळाशी बोलते तेवढंच.

पुढच्या महिन्यात ती आली, नातवाला घेऊन. घर खेळण्यांनी भरलं. वॉशिंग मशीन दिवसातून दोनदा चालू लागलं. नंतर ती परत गेली, कारण जावंच लागणार होतं. ठरलंय असं की काही दिवस ती इकडे, काही दिवस मी गाळा बंद करून तिकडे. ठरल्यासारखं दर वेळी होतंच असं नाही. पण आता फोनवर भाजीच्या पलीकडेही थोडं बोलणं होतं, आणि जेव्हा होत नाही तेव्हा ते आधीपेक्षा जास्त मनाला लागतं.

परवा काकांचा फोन आला. पोराने सिंगापूरला बोलावलंय, दोघांना, पासपोर्ट करायला सांगितलाय.

"जा की काका," मी म्हटलं.

"म्हातारी न्हाय बोलते. कोंबऱ्या कोन बघल?"

"शेजाऱ्यांना सांगा."

"बघू," काका म्हणाले. त्यांच्या बाजूला कोंबडा आरवत होता, माझ्या बाजूला ग्राइंडर चालू होता.

"ठेवतो," ते म्हणाले.

"ठेवा काका," मी म्हटलं, पण फोन लगेच कोणीच ठेवला नाही.